अंगणवाडीची जागा कोणाच्या नकाशावर?

शहरातल्या बऱ्याच अंगणवाड्या भाड्याच्या खोलीत भरतात. शासनाने ठरवून दिलेल्या भाड्यात मिळेल ती खोली सेविकेनेच शोधायची असते. ती मिळते कुणाच्या घराच्या पुढच्या पडवीत, समाजमंदिराच्या कोपऱ्यात, नाहीतर रस्त्याच्या पातळीखाली गेलेल्या चाळीत, जिथे पावसाळ्यात पाणी शिरते. घरमालकाकडे लग्न निघाले की अंगणवाडी चार दिवस बंद राहते. भाड्याची रक्कम वेळेवर आली नाही की खोली सोडावी लागते, आणि नवी खोली दोन गल्ल्या पलीकडे मिळाली तर जुन्या गल्लीतली सर्वात लहान मुले यायची थांबतात. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या अहवालात याची नोंद ‘जागेची अडचण’ अशी होते. नगररचना विभागाच्या टेबलावर मात्र ही अडचण सहसा पोहोचतच नाही. हे संपादकीय त्या टेबलावर बसणाऱ्या आपल्या वाचकांसाठी आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने रोडावलेली आढळली. आधीच्या पाहणीच्या तुलनेत या आकड्यांत सुधारणा झालेली नाही. याच काळात राज्यातील बहुआयामी गरिबी मात्र जवळपास निम्म्याने घटल्याचे नीती आयोगाचा निर्देशांक सांगतो. म्हणजे घरात वीज, गॅस आणि बँक खाते आले, पण मुलाच्या अंगावर मांस चढले नाही. या विसंगतीची कारणे अनेक आहेत आणि त्यांतली बरीचशी आपल्या हाताबाहेरची आहेत. मजुरीचे दर आपण ठरवत नाही, रेशनही आपण वाटत नाही. पण गरीब घराचा पैसा आणि वेळ कशात जातो ते पाहा. नळ नाही म्हणून पाणी विकत घ्यावे लागते. शाळेच्या वाटेवर महामार्ग आहे म्हणून रिक्षा लावावी लागते. मूल सांभाळायला कोणी नाही म्हणून आईची मजुरी बुडते, किंवा आठ वर्षांची मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला घरी बसते. हे सारे खर्च जागेमुळे होतात. कोणती सोय कुठे असेल आणि तिथपर्यंत कोणत्या वाटेने जायचे, हे विकास योजना ठरवते. मुलांच्या गरिबीतला हा वाटा नगररचनाकाराच्या अखत्यारीतला आहे, आणि तो महिला व बालकल्याण समितीकडे ढकलून आपण मोकळे होतो.

कायद्याचा अडथळा नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी स्थानिक संस्थांची १८ कामे दिली आहेत. नगर नियोजन, नागरी दारिद्र्य निर्मूलन, दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण, उद्याने आणि क्रीडांगणे ही सगळी त्याच एका यादीत आहेत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २२ मध्ये सार्वजनिक प्रयोजनासाठी जमीन राखून ठेवताना शाळा, सार्वजनिक आरोग्य संस्था आणि समाजकल्याण संस्था यांचा स्पष्ट उल्लेख आहे. अंगणवाडी आणि पाळणाघर यांना बसायला एवढी जागा पुरेशी आहे. मुंबईच्या २०३४ च्या विकास योजनेत संगोपन केंद्रे, आधार केंद्रे आणि बेघरांसाठी निवारे अशी आरक्षणे टाकली गेली, ती याच कायद्याखाली. जे मुंबईत करता आले ते मध्यम शहराच्या योजनेत का दिसत नाही, याचे उत्तर कायद्यात सापडणार नाही. ते आपल्या सवयीत आहे. विद्यमान भूवापर नकाशा तयार झाला की आपण रस्ते आखतो, मग मानकांचा तक्ता घेऊन आरक्षणे वाटतो, आणि तक्त्यात जे नाही ते योजनेतही येत नाही.

त्या तक्त्याविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे. केंद्राच्या २०१४ च्या नगर नियोजन मार्गदर्शक तत्त्वांनुसार २,५०० लोकसंख्येमागे एक पूर्वप्राथमिक शाळा, ०.०८ हेक्टर जागेवर. ५,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक शाळा, ०.४ हेक्टरवर. हिशेब सेक्टरनिहाय होतो आणि बेरीज जुळली की मानक पूर्ण झाले असे मानले जाते. पण सेक्टरमधली सगळी मुले सारखी विखुरलेली नसतात. बंगल्यांच्या कॉलनीत आणि शेजारच्या वस्तीत हेक्टरी मुलांची संख्या कितीतरी पटींनी वेगळी असते. शिवाय ०.०८ हेक्टर म्हणजे ८०० चौरस मीटर. दाट वस्तीत एवढा सलग मोकळा तुकडा नसतो, म्हणून आरक्षण वस्तीबाहेर पडते आणि मधे नाला, रेल्वेमार्ग किंवा बाह्यवळण रस्ता येतो. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, असे आपल्या राज्याचे शिक्षण हक्क नियम सांगतात. तीन वर्षांच्या मुलासाठी एक किलोमीटर हे अंतरच नाही, तो प्रवास आहे. आई कामावर जाताना त्याला सोडून पुढे जाऊ शकते का, ही अंगणवाडीच्या अंतराची खरी कसोटी आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये आदेश दिला की सहा वर्षांखालील ४० मुले असलेल्या वस्तीने मागणी केली तर अंगणवाडी द्यावी. तो आदेश वस्ती हे एकक धरतो. विकास योजनेनेही तेच एकक धरावे आणि अंतर मोजावे ते मुलाच्या चालीने, प्रत्यक्ष वाटेवरून.

आता मुख्य अडचण. सार्वजनिक जमीन आपल्या हाती येते कुठून? रेखांकनातील दहा टक्के खुली जागा, मोठ्या भूखंडावरील सुविधा क्षेत्र, समावेशक आरक्षण, टीडीआरच्या बदल्यात मिळणारी जागा. हे चारही मार्ग जिथे विकासक येतो तिथेच चालतात. २०२० च्या एकत्रीकृत नियमावलीने सुविधा क्षेत्राची अट वीस हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या क्षेत्रापुरती ठेवली आणि प्रमाण पाच टक्के केले. त्यामुळे हा मार्ग आणखी अरुंद झाला. गुंठेवारीत यांतले काहीच लागू पडत नाही. तिथे रेखांकन मंजूर झालेलेच नसते, रस्ते जेमतेम दुचाकीपुरते असतात आणि शेवटचा गुंठाही विकला गेलेला असतो. २००१ चा गुंठेवारी कायदा आला, २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली गेली, प्रशमन शुल्क आणि विकास शुल्क भरून घरे नियमित होऊ लागली. पण घर नियमित झाले म्हणून वस्तीत अंगणवाडीला खोली आली नाही. ज्या भागात मुलांची संख्या सर्वाधिक आणि घरची मिळकत सर्वात कमी, तिथे सार्वजनिक जमीन निर्माण करणारी आपली यंत्रणा बंद पडलेली असते. आणि मोठ्या गृहसंकुलात मिळालेले सुविधा क्षेत्र बरेचदा वर्षानुवर्षे कुंपण घालून पडून राहते.

यावर उपाय आहे, पण त्यासाठी मोठ्या आरक्षणांचा सोस सोडावा लागेल. नगरपरिषदेला दोन हेक्टरचे क्रीडांगण संपादन करायला पैसा नसतो. योजना अमलात येऊन दहा वर्षे होतात, जमीनमालक कलम १२७ ची नोटीस देतो, २०१५ च्या दुरुस्तीनंतर २४ महिन्यांची मुदत असते, ती निघून जाते आणि आरक्षण व्यपगत होते. अशा गमावलेल्या आरक्षणांत शाळा आणि मैदाने किती आहेत, हे प्रत्येकाने आपल्या कार्यालयातली नस्ती काढून पाहावे. त्याऐवजी गुंठेवारीत आणि झोपडपट्टीत शंभर ते दीडशे चौरस मीटरची छोटी आरक्षणे टाकली तर ती वाटाघाटीने, कलम १२६ खाली, परवडणाऱ्या किमतीत घेता येतात. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. एका गुंठ्यावर तळमजल्याला अंगणवाडी, वर पाळणाघर आणि मागे मुलांच्या उंचीची दोन शौचालये बसतात. गुंठेवारी नियमितीकरणाचे शुल्क त्याच वस्तीच्या नावाने वेगळे ठेवले आणि त्यातून असा एक गुंठा घेतला तर अर्थसंकल्पावर वेगळा भार पडत नाही. जिथे योजना आधीच मंजूर आहे तिथे कलम ३७ खाली फेरबदल करता येतो. तो वेळखाऊ आहे, हे मान्य. पण बिल्डरच्या भूखंडासाठी आपण ती वाट अनेकदा चाललो आहोत.

आणि कुठे किती मुले आहेत हे माहीत नसेल तर यातले काही होणार नाही. भूवापर नकाशावर झोपडपट्टी एका रंगाचा ठोकळा म्हणून दाखवली जाते. त्या ठोकळ्याच्या आत नळ कुठे, शौचालय कुठे, बालवाडी कुठे, हे कोरेच असते. पुण्याच्या शेल्टर असोसिएट्स या संस्थेने सांगली-मिरजसारख्या शहरांत घराघराची नोंद आणि उपग्रह प्रतिमा एकत्र करून वस्त्यांचे नकाशे केले, ते पाहिले की ठोकळ्याच्या आत किती माहिती दडलेली असते हे कळते. त्याहून जुने उदाहरण केरळमधले आहे. १९९० च्या दशकात अलप्पुळा नगरपालिकेने गरीब घरे ओळखण्यासाठी उत्पन्नाचा दाखला बाजूला ठेवला आणि नऊ खुणा ठरवल्या. कच्चे घर, शौचालय नसणे, जवळ शुद्ध पाणी नसणे, दोन वेळचे जेवण जेमतेमच मिळणे, घरात एकच कमावता असणे, आणि घरात पाच वर्षांखालचे मूल असणे, या त्यांतल्या काही. चार खुणा जुळल्या की घर जोखमीचे. ही नोंद शेजारच्या बायकांनीच केली आणि पुढे कुडुंबश्री या केरळच्या दारिद्र्य निर्मूलन मोहिमेची उभारणी याच अनुभवावर झाली. लहान मूल घरात असणे ही स्वतंत्र जोखीम आहे, हे एका नगरपालिकेने तीस वर्षांपूर्वी कागदावर मांडले. नऊपैकी पाणी, शौचालय आणि घर या तीन खुणा तर थेट नगररचनेच्या आहेत. आपल्याकडे सेविकांच्या नोंदवहीत प्रत्येक मुलाचे नाव, वय आणि वजन असते. ती नोंदवही आणि आपला भूवापर नकाशा एका टेबलावर ठेवायला शासन निर्णयाची वाट पाहण्याची गरज नाही. मुख्याधिकाऱ्यांचे एक पत्र पुरे.

इमारतींमधील अंतराचा विषयही इथलाच आहे. मुंबईच्या एम-पूर्व विभागातील तीन पुनर्वसन वसाहतींचा डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने अभ्यास केला. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत, खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही आणि वाराही खेळत नाही. तिथे क्षयरोगाचे प्रमाण तुलनेने मोकळ्या रचनेच्या तिसऱ्या वसाहतीपेक्षा बरेच जास्त आढळले. पुनर्वसन परवडावे म्हणून नियमावलीत सामासिक अंतराची सवलत दिली गेली होती. मुलाला क्षय होतो तो बरेचदा घरातल्याच मोठ्या माणसाकडून. घरातला कमावता आजारी पडला, औषधपाण्यात बचत गेली, मुलाची शाळा सुटली, तर पक्क्या घरात आलेले कुटुंब पुन्हा त्याच गरिबीत जाते. सवलतीच्या प्रस्तावावर सही करताना हे आपल्यापुढे असायला हवे.

बांधकाम मजुरांच्या मुलांबद्दल थोडक्यात, कारण तिथे करायचे काम सोपे आहे. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तर पाळणाघर सक्तीचे केले. उपकर बांधकाम परवानगीच्या वेळी आपणच वसूल करतो. मग मजूर वसाहतीचा आराखडा, त्यातली पाण्याची सोय आणि मुलांची खोली प्रारंभ प्रमाणपत्राच्या अटींत लिहावी आणि जोते तपासणीच्या वेळी पाहावी. तट्ट्यांच्या झोपड्यांत आणि वाळूच्या ढिगावर वाढणारी ही मुले कोणत्याच प्रभागाच्या लोकसंख्येत धरलेली नसतात.

बाहेरच्या अनुभवांपैकी दोन उपयोगी पडतील. स्कॉटलंडच्या २०१७ च्या बाल दारिद्र्य कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक परिषदेने तिथल्या आरोग्य मंडळासह दरवर्षी अहवाल द्यायचा आहे. मुलांची गरिबी कमी करण्यासाठी काय केले आणि पुढच्या वर्षी काय करणार, हे त्यात लेखी सांगावे लागते. वेल्समध्ये स्थानिक परिषदांनी दर तीन वर्षांनी आपल्या हद्दीत मुलांना खेळायला पुरेशी संधी आहे का याचे मूल्यमापन करायचे असते. इंग्लंडने २०१० मध्ये मुलांच्या गरिबीबाबत असेच बंधन स्थानिक संस्थांवर घातले होते आणि २०१६ मध्ये ते काढून टाकले. कायद्याने घातलेले बंधनही सरकार बदलले की जाऊ शकते, हे त्यातून दिसते. म्हणून आपल्याकडे हे सुधारित विकास योजनेच्या अहवालातच बसवावे. अधिनियमानुसार योजना वीस वर्षांतून किमान एकदा सुधारायचीच असते. त्या अहवालात मुलांसाठी एक प्रकरण असावे, वस्तीनिहाय, चालण्याच्या अंतरासह.

शेवटचा मुद्दा हरकती-सूचनांचा. कलम २६ ची जाहिरात राजपत्रात आणि दैनिकात येते, नकाशा नगरपालिकेच्या भिंतीवर लागतो आणि हरकती येतात त्या ज्यांची जमीन आरक्षणात जाते त्यांच्याच. वस्तीतून हरकत येत नाही, कारण आपल्या मुलांसाठी काहीच राखून ठेवलेले नाही हे तिथे कोणाला कळत नाही. प्रारूप योजनेचा त्या त्या वस्तीपुरता तुकडा मोठा छापून अंगणवाडीत लावावा. सेविका आणि महिला बचत गटासमोर संध्याकाळी, बायका कामावरून परतल्यावर, तो समजावून सांगावा आणि लेखी सूचना तिथेच घ्याव्यात. ज्या नगरपरिषदांची योजना येत्या वर्षात प्रसिद्ध होणार आहे त्यांनी हे करून पाहावे आणि नकाशासह आम्हाला कळवावे. त्यासाठी या मासिकाची पाने राखून ठेवली आहेत.