व्यायाम कर म्हणजे नेमकं काय कर?

अर्धशिशी असलेल्या माणसाला फुकटात मिळणाऱ्या सल्ल्यांत दोन सल्ले सगळ्यात वर असतात. पहिला, ‘व्यायाम कर, सगळं जाईल.’ दुसरा, ‘डोकं दुखतंय ना, मग ते पळणंबिळणं आधी बंद कर.’ गंमत अशी, की बऱ्याचदा दोन्ही एकच माणूस देतो. सोमवारी एक, गुरुवारी दुसरा. आणि दोन्हींत थोडं थोडं खरं असतं, हा खरा वैताग. धडधडीत खोटं असतं तर सोडून देता आलं असतं.

माझं भांडण पहिल्या सल्ल्याशी जास्त आहे, कारण तो शहाणपणाचा वेष घेऊन येतो. डॉक्टर गोळी लिहून देतात तेव्हा किती, कधी, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, हे सगळं सांगतात. तेच डॉक्टर चिठ्ठीच्या तळाशी ‘व्यायाम करा’ असं लिहितात आणि पुढच्या पेशंटला आत बोलावतात. कोणता व्यायाम, किती वेळ, झटका आला त्या दिवशी काय, हे काही नाही. मात्रा नसलेला असा सल्ला घरी पोचेपर्यंत आरोप झालेला असतो. आई म्हणते, डॉक्टर म्हणाले ना व्यायाम करा, तू करत नाहीस म्हणूनच दुखतं. म्हणजे दुखणं राहिलं बाजूला, आळसाचा पुरावा तेवढा मिळाला.

आधी हे दुखणं काय आहे ते बघू. मायग्रेन ओळखायचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत झटका ४ ते ७२ तासांचा सांगितलाय. एका बाजूला दुखणं, ठणकणं, मळमळ, उजेड आणि आवाज नकोसा होणं ही लक्षणं बहुतेकांना ठाऊक असतात. पण त्याच यादीत आणखी एक ओळ आहे, जी कुणी सांगत नाही: चालणं, जिना चढणं अशा रोजच्या हालचालीने दुखणं वाढतं, किंवा माणूस ती हालचालच टाळतो. हे दुखण्याच्या व्याख्येतच लिहिलंय. झटक्यात पडलेल्या माणसाला ‘ऊठ, दोन राउंड मार, मोकळं वाटेल’ म्हणणं हे पाय मोडलेल्याला ‘जरा नाचून बघ’ म्हणण्यासारखं आहे.

आणि तरीही व्यायामाने मायग्रेन कमी होतो, हेही खरं आहे. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. ९१ रुग्णांचे तीन गट केले. एकाला व्यायाम, दुसऱ्याला शरीर सैल सोडण्याचं तंत्र, तिसऱ्याला टोपिरामेट हे मायग्रेन टाळण्यासाठी रोज घ्यायचं औषध. तीन महिन्यांनी तिन्ही गटांतले झटके कमी झाले होते आणि गटागटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. फरक होता तो त्रासाचा. औषधवाल्या गटात तीनांतल्या एकाला दुष्परिणाम झाले, व्यायामाच्या गटात कुणालाही नाही. दिल्लीच्या एम्समध्येही योगासनांवर असाच अभ्यास झाला, २०२० साली छापून आला. नेहमीच्या औषधाला तीन महिने योगाची जोड दिलेल्यांचे झटके नुसत्या औषधवाल्यांपेक्षा जास्त कमी झाले.

पण गोथेनबर्गच्या त्या व्यायामाची मात्रा बघा. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी ४० मिनिटं, सायकल. त्या ४० पैकी पहिली १५ मिनिटं नुसतं अंग तापवायला, २० मिनिटं खरा व्यायाम आणि शेवटची ५ हळूहळू थांबायला. म्हणजे निम्मा वेळ सुरू होण्यात आणि थांबण्यात. आठवड्यातले चार दिवस सुट्टी. रीलमधला ट्रेनर ही मात्रा ऐकून हसेल. त्याच्याकडे ‘नो एक्स्क्यूज’ लिहिलेला टी-शर्ट असतो.

आता हे आमच्या गावात आणून ठेवते. वडीगोद्री हे नाव बाकी महाराष्ट्राने ऐकलं ते जून २०२४ मध्ये, लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे ओबीसी आरक्षणासाठी इथे उपोषणाला बसले तेव्हा. एरवी आम्ही जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातलं, धुळे-सोलापूर महामार्गावरचं एक गाव. पण व्यायामात मागे नाही. आमच्यासारख्या कुठल्याही हायवेच्या गावात पहाटे पाचला या, पोलीस भरतीची पोरं-पोरी रस्त्याच्या कडेने पळताना दिसतील. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, मग १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० त्या लांब धावण्याला. त्या २० गुणांवर घराचं बरंच काही टांगलेलं असतं, त्यामुळे पळणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही.

नावं ठेवायची आहेत ती पळवण्याच्या पद्धतीला. पोटात काही न घालता पळायचं, कारण ‘पोट जड होतं’. पाणी कमी प्यायचं, कारण ‘पोटात कळ येते’. शिट्टी वाजली की थंड अंगाने सुसाट सुटायचं. रात्री अकरापर्यंत लेखीचा अभ्यास आणि पहाटे साडेचारला गजर. समोरून येणाऱ्या ट्रकचा अप्पर थेट डोळ्यांत. कारखाने सुरू झाले की त्यात उसाचे ट्रॅक्टर आले, दोन-दोन ट्रॉल्या आणि वर छाती हादरवणारा साउंड. उपाशीपोट, पाण्याची कमतरता, अपुरी झोप, डोळ्यांवर झोत, कानावर दणका. मायग्रेनला चिथावणी देणाऱ्या गोष्टींची यादी न्यूरोलॉजीच्या पुस्तकातून काढा आणि या पहाटेशी जुळवून बघा. त्यानंतर कुणी डोकं धरून बसलं, तर दोष व्यायामाचा की वेळापत्रकाचा?

मला हे दुखणं नववीपासून आहे आणि मी एका अकॅडमीत चार महिने पळलेय. तिथे डोकं दुखण्यावर एकच उपाय होता, ‘घाम निघू दे.’ एका मुलीच्या डोळ्यांसमोर पळता पळता नागमोडी चकाकणारी रेघ यायची, मग अर्धा रस्ता दिसेनासा व्हायचा. काही जणांना दुखणं सुरू होण्याआधी असं होतं, त्याला ऑरा म्हणतात. बहुधा अर्ध्या-पाऊण तासात जातं. पण हायवेच्या कडेला, अंधारात, अर्ध्या नजरेने पळणं म्हणजे काय, याचा कुणी विचार केला नाही. तिला सांगितलं गेलं, ‘भरतीच्या दिवशी पण असंच सांगणार का साहेबांना?’ प्रश्न क्रूर होता, पण पोकळ नव्हता. ग्राउंडची तारीख एकच असते. आदल्या रात्री पोरं स्टँडवर, फुटपाथवर, पुलाखाली झोपतात. त्या सकाळी झटका आला तर वर्ष गेलं. दम्याचा पंप हातात दिसतो, प्लास्टर पायावर दिसतं. मायग्रेन दिसत नाही, म्हणून तो बहाणा.

इथे कुणीतरी हमखास टेरेल डेव्हिसचा व्हिडिओ पाठवतो. अमेरिकन फुटबॉलमधला हा खेळाडू. २५ जानेवारी १९९८ च्या सुपर बोलच्या अंतिम सामन्यात त्याला मायग्रेनचा झटका आला, दिसेनासं झालं, तरी तो खेळला, तीन टचडाउन केले आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. बघ, जिद्द असली की होतं! पण व्हिडिओ बनवणारे मधला भाग कापतात. डेव्हिस जवळजवळ अख्खा दुसरा क्वार्टर बाहेर बसून होता. त्याला औषध मिळालं, मध्यंतराची लांबलचक विश्रांती मिळाली, भोवती डॉक्टर होते, आणि ‘नाटकं करतोस’ म्हणणारं कुणी नव्हतं. त्या गोष्टीतून शिकायचंच असेल तर हे शिका, की तो थांबला होता.

आता दुसरा पक्ष, जो आमच्या घरोघरी आहे: ‘बायांना कशाला पाहिजे व्यायाम? दिवसभर काम काय कमी असतं का?’ मायग्रेन पुरुषांपेक्षा बायकांना दुपटीहून जास्त होतो. पाळीच्या आसपास हार्मोन खाली येतात तेव्हा तर हटकून. बंगळूरच्या निम्हान्समधल्या आणि इतर संशोधकांनी कर्नाटकात शहर-खेडी मिळून घरोघर विचारपूस केली. २०१५ साली छापलेल्या त्या निष्कर्षांत वर्षभरात मायग्रेन झालेल्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर निघालं, आणि ते शहरापेक्षा खेड्यात जास्त होतं. मायग्रेन म्हणजे एसीत बसणाऱ्यांचं लाडावलेलं दुखणं, ही समजूत तिथेच निकालात निघायला हवी होती.

शेतातल्या कामाला व्यायाम म्हणणारे एक गोष्ट विसरतात. व्यायामात थांबायचा हक्क तुमचा असतो. कापूस वेचणारी बाई डोकं ठणकायला लागलं म्हणून सावलीला गेली तर किलोमागचे पैसे बुडतात. खुरपणीत मान तासन्‌तास खाली, डोक्यावर ऊन, आणि आडोसा नाही म्हणून पाणी मुद्दाम कमी पिणं. त्यात चतुर्थी, एकादशी, नवरात्राचे उपवास, वर कोरा चहा. अंग झिजतं, पण त्याला कुणी ‘१५ मिनिटं हळूहळू सुरुवात’ देत नाही. कोपनहेगनच्या एक लाखाहून जास्त लोकांवरचा २०२१ सालचा एक अभ्यास आहे, हृदयविकाराबद्दलचा. मोकळ्या वेळात केलेली हालचाल माणसाला तारते आणि कामावरची अतिकष्टाची हालचाल उलट धोक्याच्या बाजूला दिसते, असं त्यात आढळलं. तो मायग्रेनचा अभ्यास नाही, हे मान्य. पण ‘काम म्हणजेच व्यायाम’ हे वाक्य डोळे झाकून बोलू नये, एवढ्यासाठी तो पुरेसा आहे.

मग ही बाई काय करते? गोळी घेते. किराणा दुकानात मिळते, डॉक्टर लागत नाही. सकाळी एक घेऊन कामाला, भरतीवाली पोरगी एक घेऊन पळायला. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेली १० किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक घेत राहिलं तर त्या गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. डॉक्टरांकडे या दुखण्याला वेगळं नाव आहे. ‘गोळी घे आणि पळ’ हा सल्ला देणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलवर हा परिच्छेद पाठवा.

संध्याकाळी चालायला जा, असंही सांगतात. कुठे? सर्व्हिस रोडवर? गावातली बाई कारण नसताना चालत निघाली की तीन ओट्यांवरून तीनदा विचारणा होते, ‘कामून, कुठं निघालीस?’ ‘कुठंच नाही, चालतेय’ हे उत्तर आमच्याकडे अजून रूढ झालेलं नाही. हातात पिशवी किंवा डबा असला की चालतं. माझ्या ओळखीच्या एक काकू रिकामी पिशवी घेऊन चालतात. हसू येतं, पण त्यांचे झटके महिन्याला सहावरून तीनवर आलेत. चालण्यानेच आले असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, त्या आता दुपारचं जेवणही चुकवत नाहीत.

तर मात्रा सांगा. झटका चालू असताना व्यायाम नाही. अंधार, पाणी, डॉक्टरांनी दिलेलं औषध लवकर, आणि झोप. दोन झटक्यांच्या मधल्या दिवसांत आठवड्यातून तीनदा, बोलता बोलता करता येईल इतपत वेगाने. आधी काहीतरी खाऊन, केळं असो नाहीतर अर्धी भाकर, आणि पाणी पिऊन. मे महिन्यात उन्हात नाही. वेग दर आठवड्याला थोडा वाढवायचा, एका झेपेत नाही. ज्याला पळण्यानेच झटका येतो, आणि असे लोक असतात, त्याने चालणं, सायकल, आसनं यांतलं काही धरायचं. आणि कधीही नव्हतं इतकं भयंकर डोकं पळताना, वजन उचलताना क्षणार्धात दुखलं, किंवा सोबत हात-पाय लुळे पडले, बोबडी वळली, शुद्ध हरपली, तर ते मायग्रेन समजून घरी पडून राहायचं नाही, थेट मोठ्या दवाखान्यात जायचं.

अकॅडम्यांनी नाव नोंदवून घेताना उंची आणि छातीसोबत ‘अर्धशिशी आहे का’ हा एक प्रश्न विचारावा. पैसे लागत नाहीत. शिट्टीआधी १५ मिनिटं द्यावीत, तीही फुकट आहेत. ग्रामपंचायतीने शाळेचं मैदान संध्याकाळी दोन तास उघडं ठेवावं आणि दिवा असा लावावा की तो जमिनीवर पडेल, डोळ्यांत नाही. डॉक्टरांनी ‘व्यायाम करा’च्या पुढे तीन आकडे लिहावेत: आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटं, किती महिने.

आणि ज्याला दुखतं त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाचा हिशोब जिथे लिहितो त्याच चौकटीत, तीन खुणा कराव्यात. दुखलं तर फुली, गोळी घेतली तर टिंब, चाललो तर बरोबरची खूण. पाळीची तारीख असेल तर तीही. तीन महिन्यांची पानं फाडून डॉक्टरांपुढे ठेवायची. पुढच्या वेळी कुणी ‘तू व्यायाम करत नाहीस ना’ म्हणालं, तर तीच पानं त्यांनाही दाखवायची.