महाबळेश्वरचें तळें आणि पारोळ्याचा किल्ला

शाळांस सुट्या लागल्या म्हणजे खानदेशांत घरोघरीं थंड हवेच्या ठिकाणाचा विषय निघतो. वैशाखांतील दुपारीं पारोळ्याच्या किल्ल्याचा दगड हात लावूं देत नाहीं. अशा वेळीं कोणीं महाबळेश्वराचें नांव काढतांच मुलांपासून आजोबांपर्यंत सर्वांची तयारी होते. अवश्य जावें, असेंच आमचेंही मत आहे. मात्र तेथें जाऊन काय पाहावें, याविषयीं दोन शब्द सांगावेसे वाटतात.

सह्याद्रीच्या माथ्यावर सुमारें साडेचार हजार फूट उंचीवर हें पठार आहे. पश्चिमेस कोंकणांत तुटलेले कडे, पूर्वेस कृष्णेचें खोरें, पायाखालीं जांभ्या दगडाची तांबडी माती आणि सभोंवार जांभूळ-हिरड्याची दाट झाडी. पारोळ्यास तीस इंच पाऊस झाला तर शेतकरी समाधान मानतो; येथें वर्षाकांठीं दोनशें इंचांहून अधिक पडतो. आपल्या काळ्या, सपाट मुलखांतून गेलेल्या मनुष्यास हें दृश्य पाहून पहिल्या दिवशीं कांहीं सुचत नाहीं.

या एका नांवाखालीं वस्त्या मात्र दोन आहेत. पहिली जुनें क्षेत्र. तेथें महाबळेश्वराचें देवालय, कृष्णाबाईचें दगडी देऊळ, आणि कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री या पांच नद्यांचें उगमस्थान मानलें जाणारें पंचगंगेचें मंदिर. दुसरी वस्ती इंग्रजांची. १८२४ सालीं लॉडविक नांवाचा लष्करी अधिकारी वर चढून आला व त्यानें येथील हवेची वाखाणणी केली. पुढें मुंबईचे गव्हर्नर सर जॉन मालकम यांनीं १८२९ सालीं साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह यांजपासून ही जागा घेतली व मोबदल्यांत वांईजवळील खंडाळा हें गांव दिलें. म्हणून या वस्तीस मालकम पेठ असें नांव पडलें.

पेठेबरोबर ख्रिस्ती प्रार्थनामंदिरेंही आलीं. कॅथलिक पंथाचें होली क्रॉस हें १८३१ सालचें म्हणून सांगतात. इंग्रजांचें ख्राइस्ट चर्च १८४२ सालचें. आपलीं कुटुंबें यांच्या फाटकावरून सरळ बाजारांत जातात. आम्हांस हें योग्य वाटत नाहीं. राज्य करावयास आलेलीं माणसेंही येथें प्रकृति सुधारावी या आशेनें येत, आणि सर्वांसच परत जावयास मिळत नसे. मुंबईचे हंगामी गव्हर्नर सर सिडनी बेकविथ १८३१ सालीं येथेंच वारले. त्यांचें स्मारक उभें आहे. घरापासून हजारों कोस दूर मरणाच्या भीतीनें हात जोडणाऱ्यांची जागा म्हणूनही चर्चकडे पाहतां येतें. आणि ज्या चिनी बंदिवानांस येथें कैदेंत ठेवून रस्त्यांच्या व भाजीपाल्याच्या कामास लाविलें, त्यांचीही आठवण असावी. आर्थर, केट, लॉडविक, एल्फिन्स्टन यांचीं नांवें टोकाटोकांस मिळालीं. या कैद्यांचें नांव कोणत्याही टोकास नाहीं.

ख्राइस्ट चर्चच्याच सालीं, म्हणजे १८४२ त, वेण्णा तळें झालें. तें बांधविणारे साताऱ्याचे छत्रपति शहाजी ऊर्फ आप्पासाहेब. वडील बंधु प्रतापसिंह यांस १८३९ सालीं पदच्युत करून काशीस धाडल्यावर इंग्रजांनींच यांस गादीवर बसविलें होतें. १८४८ सालीं तेही वारले. मृत्यूपूर्वीं त्यांनीं घेतलेला दत्तक कंपनी सरकारनें मानला नाहीं, आणि छत्रपतींचें राज्य खालसा झालें.

येथून पुढची गोष्ट पारोळेंकरांच्या घरची आहे. १८५३ च्या नोव्हेंबरांत झांशीचे गंगाधरराव नेवाळकर मरणशय्येवर होते. त्यांनीं आपल्याच घराण्याच्या पारोळ्याच्या शाखेंतील आनंदराव हा लहान मुलगा दत्तक घेऊन त्याचें नांव दामोदरराव ठेविलें. दुसऱ्याच दिवशीं ते वारले. साताऱ्यास लाविलेला न्याय डलहौसीनें तेथेंही लाविला. १८५४ त झांशी खालसा झाली. पुढें राणी लक्ष्मीबाईंनीं काय केलें, हें घरांतील लहानांसही ठाऊक आहे. पारोळ्याचा किल्लाही त्या आगींतून सुटला नाहीं. हरि सदाशिव दामोदर यांनीं १७२७ च्या सुमारास बांधलेला म्हणून सांगतात तो हा किल्ला बंडानंतर इंग्रजांनीं मोडून टाकला, आणि जहागीरही जप्त झाली.

तेव्हां वाचकहो, महाबळेश्वरीं क्षेत्र पाहावें, चर्च पाहावें, मुलांसाठीं स्ट्रॉबेरीही घ्यावी. परंतु वेण्णा तळ्यावर नावेचें भाडें ठरवितांना त्यांस एवढें सांगावें कीं, हें तळें ज्यांनीं बांधविलें त्यांच्या दत्तकास जें सोसावें लागलें, तेंच पुढें आपल्या गांवच्या घराण्यांतील एका लेंकरास सोसावें लागलें. परत आल्यावर एके दिवशीं सायंकाळीं, दगड निवाले म्हणजे, त्याच मुलांस आपल्या किल्ल्यावर न्यावें. आजोबांनीं बरोबर असावें, आणि पडलेले बुरूज कोणीं व कां पाडले हें त्यांनींच सांगावें.