गच्चीची किल्ली कुणाकडे?

माझ्या थोरल्या जाऊबाईंना गेली दोन वर्षं जमिनीवरून उठताना आधार लागायचा. देवापुढे बसल्या की उठताना भिंत, भाजी निवडायला बसल्या की शेजारची खुर्ची. जिना चढताना मांड्या भरून यायच्या. पाठ, बरगड्या, नडग्या, सगळंच ठणकायचं. घरात प्रत्येकाचं निदान तयार होतं. सासूबाई म्हणाल्या, "वजन कमी कर." भाऊजी म्हणाले, "वय झालं आता." वय किती, तर त्रेचाळीस! लेकीचं म्हणणं, "आई, तुला स्ट्रेस आहे." आणि मी? खोटं कशाला बोलू, मीसुद्धा 'जरा कुरकुऱ्याच आहेत' असं मनात म्हणून मोकळी झाले होते.

शेवटी एका डॉक्टरबाईंनी त्यांना हात न टेकता स्टुलावरून उठायला सांगितलं, नडगीचं हाड अंगठ्यानं दाबून बघितलं आणि रक्त तपासायला पाठवलं. व्हिटॅमिन डी निघालं ७. निदान २० तरी असावं असं मानतात. म्हणजे बाई कुरकुरत नव्हती, तिची हाडं खरोखरच दुखत होती.

शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलंय, ड जीवनसत्त्व उन्हातून मिळतं. पण ते नसलं तर काय होतं, हे मात्र नीट कुणी सांगत नाही. ऊन कातडीवर पडलं की तिथे हे जीवनसत्त्व बनायला सुरुवात होते, पुढचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, आणि मग आतडी अन्नातला कॅल्शियम नीट शोषून घेऊ शकतात. हे नसेल तर दूध प्या, नाचणी खा, त्यातला बराचसा कॅल्शियम आला तसा निघून जातो. लहान मुलांना यातूनच मुडदूस होतो. मोठ्या माणसांची हाडं मऊ पडतात, स्नायू दुबळे होतात. आणि हे सगळं इतकं हळूहळू होतं, की बाईला स्वतःलाच वाटतं, आपण आळशी झालोय.

"आपल्याकडे उन्हाला काय तोटा?" हा प्रश्न मलाही पडला. उत्तर फार जुनं आहे. हचिसन आणि शाह या दोन डॉक्टरांनी १९२२ साली आपल्याच मुंबई इलाख्यातला मुडदुसाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना हा आजार दिसला तो खाऊनपिऊन सुखी घरांत, जिथल्या बायका पडद्यात आणि तान्ही मुलं त्यांच्याबरोबर अंधाऱ्या खोल्यांत. मजुरी करणाऱ्या बायकांची मुलं त्या मानानं अर्धपोटी, पण उघड्यावर वाढणारी, त्यांच्यात तो फारसा नव्हता. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २००० साली धडधाकट माणसांचं रक्त तपासलं, तेव्हा उन्हात राबणाऱ्या जवानांचं बरं निघालं आणि डॉक्टर-नर्सचंच कमी! तेव्हा ऊन देशात असून भागत नाही, ते अंगावर पडावं लागतं.

आता पडदा नाही म्हणता? स्कूटरवरच्या आपल्या मुली बघा. डोळे सोडून सगळं ओढणीत, वर बोटांपर्यंत हातमोजे. धुळीपासून बचाव म्हणून मी समजू शकते. पण खरं कारण तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. "उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील, मग कोण करून घेईल?" हे माझ्या आईनं मला सांगितलं आणि जीभ चावत सांगते, मीही माझ्या मुलीला एकदा सांगून बसले. गंमत म्हणजे सावळ्या कातडीला ड जीवनसत्त्व बनवायला उलट जास्त वेळ ऊन लागतं.

दुसरा गोंधळ कोवळ्या उन्हाचा. सकाळी सहा-सातचं ऊन अंगाला छान वाटतं, मनालाही. पण सूर्य खाली असतो तेव्हा जे किरण कामाचे, ते आपल्यापर्यंत जवळजवळ पोचतच नाहीत. सोपी खूण अशी, की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड हवी. म्हणजे साधारण अकरा ते दोन. हॉलच्या बंद काचेतून आलेलं ऊनही चालत नाही, काच ते किरण अडवते. हातपाय उघडे ठेवून वीस-पंचवीस मिनिटं, आठवड्यातून चार-पाच दिवस, एवढं खूप झालं. विदर्भातल्या मैत्रिणींनो, मे महिन्यात हा उद्योग करू नका, चक्कर येऊन पडाल. कातडीचा काही आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पण अकरा ते दोन बाई कुठे असते? घरातली ओट्याशी, नोकरीवाली एसीत. आमच्या आजीला ड जीवनसत्त्वाचं नावही ठाऊक नव्हतं, पण चैत्र-वैशाखात कुरडया, सांडगे, मिरच्या उलटायला ती भर दुपारी दहा खेपा अंगणात घालायची. वाळवण दुकानात मिळायला लागलं, कष्ट वाचले, छानच झालं. मला ते कष्ट परत नकोत. फक्त त्या निमित्तानं मिळणारं ऊन त्याबरोबर गेलं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

खाण्यातून भागेल का? फारसं नाही. रोज ६०० युनिट लागतात असं आपल्या पोषणसंस्थेनं २०२० मध्ये सांगितलं. अंड्याच्या एका बलकात असतात जेमतेम ४०! बांगडा, तारली खाणाऱ्यांचं बरं आहे. शाकाहारी घरांत दुधाच्या आणि तेलाच्या पिशवीवर 'प्लस एफ'चं निळं चिन्ह बघून घ्या, त्यात ड जीवनसत्त्व घातलेलं असतं.

राहिल्या गोळ्या. जाऊबाईंना त्यांनीच उभं केलं, तेव्हा मी गोळ्यांविरुद्ध नाही. पण ६० हजार युनिटची पुडी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. आमच्या ओळखीच्या एका मावशींनी ती रोज दुधातून घेतली, महिनाभर. उलट्या, बद्धकोष्ठ, रक्तात कॅल्शियम वाढलेला, शेवटी इस्पितळ. चिठ्ठीवरची 'आठवड्यातून' ही अक्षरं त्यांना कुणी वाचून दाखवली नव्हती. आणि 'डी घ्या, हृदयविकार टळेल, कॅन्सर टळेल' याच्यामागे लागू नका. अमेरिकेत जवळजवळ २६ हजार लोकांना रोज २००० युनिट किंवा नुसती खोटी गोळी देऊन पाच वर्षं पाहिलं. २०१८ मध्ये निकाल आला, दोन्ही आजारांत फरक नाही. धडधाकट बाईनं पॅकेज स्वस्त आहे म्हणून उगाच तपासणी करत बसू नये. मात्र जमिनीवरून उठता येत नसेल, हाडं दाबल्यावर दुखत असतील, तर "बायकांचं असंच असतं" हे ऐकून घेऊन गप्प बसू नये.

जाऊबाईंच्या डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर ऊन लिहून दिलं आणि तिथे आमचं घोडं अडलं. आमच्या इमारतीच्या गच्चीला आठ वर्षं कुलूप. कारण गळती, पतंग, कॉलेजची पोरं, वगैरे. मी वार्षिक सभेत किल्ली मागितली, तर एक काका म्हणाले, "वहिनी, बाल्कनीत बसा की!" आमची बाल्कनी उत्तरेला. शिवाय ती घेऊन स्वयंपाकघर मोठं केलेलं. तीन सभा झाल्या, चहा-बिस्किटं झाली. शेवटी तळमजल्यावरच्या निवृत्त बाईंनी वहीत सही करून किल्ली स्वतःकडे घेतली. आता मंगळवार ते शनिवार साडेअकरा ते साडेबारा कुलूप उघडं असतं. आम्ही सहाजणी जातो. जाऊबाई सतरंजीवर बसतात आणि परवा भिंतीला हात न लावता उठल्या.

तुमच्याकडे गच्चीची किल्ली कुणाकडे असते? मला कळवा.