थांब म्हटलं की थांबायला हवं

चालू प्रोग्राम मध्येच थांबवणं हा वापरणाऱ्याचा हक्क आहे, आणि तो पाळणं ही प्रोग्राम लिहिणाऱ्याची जबाबदारी. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत चालणारे प्रोग्राम कंट्रोल आणि सी ही बटणं एकत्र दाबून थांबवतात. पण दाबल्यानंतर काय व्हावं, याचा विचार फार थोडे जण करतात.

मी कोल्हापूर भागातल्या दूध संस्थांसाठी हिशेबाचे प्रोग्राम लिहिते. दर दहा दिवसांनी बिल निघतं. सभासदाचं दोन्ही वेळचं दूध, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक), त्यावरून दर आणि शेवटी पशुखाद्याची उचल वजा. एका संस्थेत दुसऱ्या कुणाचा तरी प्रोग्राम होता. म्हशीच्या दुधाला गाईचा दरतक्ता लागलाय हे सचिवांच्या लक्षात आलं आणि त्यांनी लगेच कंट्रोल-सी दाबलं. प्रोग्राम जागच्या जागी बंद पडला. काहींच्या खात्यात चुकीची रक्कम जमा, काहींची नुसती उचल वजा, उरलेल्यांचं काहीच नाही. पुन्हा चालवावा तर आधीच्यांचं दुबार. बोल लागला सचिवांना, "मध्ये हात कशाला लावला?" म्हणून. मला हे साफ अमान्य आहे. चूक दिसल्यावर थांबवणाऱ्या माणसाने योग्य तेच केलं होतं.

याच्या उलट प्रकारही सर्रास दिसतो. पायथन शिकलेली मुलं जिथे तिथे नुसतं 'एक्सेप्ट' लिहून खाली 'पास' टाकतात, म्हणजे काहीही बिघडलं तरी दुर्लक्ष करून पुढे जा. पायथन कंट्रोल-सीला 'कीबोर्डइंटरप्ट' म्हणून वर पाठवतं, तर हा एक्सेप्ट तेही गिळून टाकतो. बटणं दाबत राहा, प्रोग्राम ढिम्म हलत नाही. खरं तर 2006 सालच्या 2.5 आवृत्तीतच कीबोर्डइंटरप्ट 'एक्सेप्शन'च्या कुळातून बाहेर काढलं गेलं. 'एक्सेप्ट एक्सेप्शन' असं लिहिलं की थांबण्याचा हुकूम अडत नाही. एवढा एक शब्द वर्गात का शिकवला जात नाही?

नीट थांबणं अवघड नाही. लिनक्सवर ही बटणं दाबली की प्रोग्रामला सिगइंट हा 2 क्रमांकाचा सिग्नल मिळतो. तो आल्या आल्या धावपळ करू नये, फक्त खूण करून ठेवावी आणि एका सभासदाचं बिल झालं की दुसऱ्याकडे वळण्याआधी ती पाहावी. सगळं बिल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळ्या नोंदी होतील नाहीतर एकही नाही अशा बेतात, असेल तर रोलबॅक केला, म्हणजे केलेलं मागे घेतलं, की खाती होती तशी राहतात. मग पडद्यावर स्वच्छ मराठीत लिहावं, 'बिल रद्द केलं, कुणाच्याही खात्यात काही जमा झालेलं नाही.' बाहेर पडताना 130 हा कोड द्यावा, म्हणजे पुढच्या कामाला कळतं की हे मध्येच थांबवलंय.

ट्रान्झॅक्शनला मात्र पर्याय नाही. कारण प्रोग्राम तत्काळ मारणारा 9 क्रमांकाचा सिगकिल हा सिग्नल कुठल्याच प्रोग्रामला अडवता येत नाही, आणि आपल्याकडे वीज तर कधीही जाते. काही जण कंट्रोल-सी बंदच करून टाकतात, त्याला सुरक्षितता म्हणतात. वैतागलेला माणूस मग थेट मशीनचं बटण दाबतो आणि नुकसान होतं ते होतंच.

संस्थाचालकांना माझी विनंती आहे. नवा प्रोग्राम घेताना पैसे देण्याआधी नमुन्याच्या खात्यांवर बिल चालवा, विकणाऱ्यासमोरच ते अर्ध्यावर थांबवा आणि मग प्रत्येक खातं उघडून बघा.