पुढचा ब्रेक

"सायकल येते ना? मग मोटारसायकल म्हणजे हातचा मळ!" असं म्हणणाऱ्याचं लायसन्स आधी जप्त करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. सायकलवर डावा हात दाबला की ब्रेक लागतो. इथे तो क्लच, दाबला की गाडी मोकळी सुटते!

तेही सोसलं. पण आमच्या मेहुण्यांचा गुरुमंत्र ऐका: "भावजी, पुढच्या ब्रेकला हात लावू नका, कोलांटी खाल!" अहो, ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर येतो, थांबवण्याचं बहुतेक काम तेच करतं. मागचा एकटाच करकचून दाबला, तर चाक घसरतं. 2019 मध्ये सरकारने 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय किंवा एबीएस सक्तीचं केलं, ते बहुधा घरोघरच्या मेहुण्यांना कंटाळूनच.

आमची गाडी त्याआधीची. मैदानात चेंडूमागे एक पोर धावत आलं. मी मंत्राला जागलो, फक्त पाय दाबला. गाडी आडवी होऊन फरफटत गेली, पोरापासून हातभर अंतरावर थांबली. ते चेंडू विसरून रडायलाच लागलं. माझेही पाय लटपटत होते.

मेहुणे धावत आले. म्हणाले, "बघा! पुढचा दाबला असतात तर?"