अर्थिंग ही चैन नव्हे, आपला हक्क आहे

पावसाळा लागला की वस्तीत एक वाक्य हमखास ऐकू येते, "पत्र्याला हात लावू नको, करंट येतोय." आपण हे असे सहज बोलतो, जणू पाऊस आला की करंट येणारच! ही सवयच घातक आहे. पत्र्याला करंट येतो, कारण कुठेतरी वायर सोलली आहे आणि घराला धड अर्थिंग नाही.

कूलर, फ्रिज, इस्त्रीच्या धातूच्या अंगात वीज उतरली, तर तिला जमिनीत जायला वाट हवी. ती वाट म्हणजे अर्थिंग. तीन पिनच्या प्लगमधली जाड, लांब पिन त्यासाठीच असते. अनेक घरांत सॉकेट तीन पिनचे असते, पण मागे हिरवी वायर जोडलेलीच नसते. मग वीज आपल्या शरीरातून वाट काढते. ओल्या फरशीवर अनवाणी राबणारी आपली आई-बहीण आधी सापडते.

"आमच्याकडे एमसीबी आहे," म्हणून निर्धास्त राहू नका. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवते. माणसाचा जीव घेणारा थोडा करंट तिला कळत नाही. त्यासाठी 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी लागते. आणि सॉकेटची अर्थिंग न्यूट्रलला जोडून देणाऱ्या मिस्त्रीला दारातूनच परत पाठवा. न्यूट्रल तुटली की उपकरणाच्या अंगातच करंट येतो.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार ग्राहकाच्या जागेत अर्थिंगचे टोक देणे आणि ते सांभाळणे ही वीज पुरवणाऱ्याची जबाबदारी आहे. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. विजेचा विषयही त्यांच्याकडे होता, आणि वीज स्वस्त व मुबलक मिळावी असा त्यांचा आग्रह होता. तीच वीज आपल्या घरात सुरक्षित यावी, हे मागणे म्हणजे भीक नव्हे.

या वर्षावासात ग्रंथवाचनानंतरची एक संध्याकाळ विहारात यासाठी द्या. परवानाधारक वायरमनकडून गल्लीतली घरे तपासून घ्या. अर्थिंग नसलेल्या घरांची यादी करा, सर्वांच्या सह्यांचा अर्ज वीज कार्यालयात द्या आणि पोच घ्या. तोवर कपड्यांची तार पत्र्याला बांधू नका. पाणी तापवायच्या रॉडचा प्लग काढल्याशिवाय बादलीत हात घालू नका. कुणाला शॉक लागला, तर त्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा.

एकट्याचा अर्ज टेबलावर पडून राहतो. सगळी वस्ती मिळून गेली, तर उत्तर द्यावेच लागते.

जय भीम!