आपल्या पायांनीं केलेला प्रवास

परीक्षा संपल्या कीं शाळेंत सहलीची चर्चा सुरू होते. गाडी ठरते, फराळ ठरतो, परतण्याची घटकाही ठरते. आणि मुलें जशीं गाडींत बसतात तशींच, फार तर थोडीं अधिक दमून, खालीं उतरतात. काय पाहिलें म्हणून विचारावें, तर मोबाइलमधील छायाचित्रें पुढें करतात. अशा सहलींस माझा विरोध नाहीं. मीं स्वतः कित्येक काढल्या आहेत. परंतु यास प्रवास म्हणावें असें मला वाटत नाहीं, आणि हें पालकांसमोर स्पष्टपणें मांडावें म्हणून हा लेख.

महाविद्यालयांत असतांना मी एका मित्रासह नाणेघाट चढून गेलों. कल्याणहून एस. टी.नें वैशाखरें गांठलें व तेथून पायवाटेस लागलों. पिशवींत भाकरी, कांदे व पाणी. वाटाड्या नव्हता, पहिल्या तासांत दोनदां वाट चुकलों. एका गुराख्यानें हांक मारून आम्हांस वाटेवर आणून सोडलें आणि मोबदल्यादाखल एक कांदा तेवढा घेतला.

वर कातळांत खोदलेल्या पायऱ्या लागतात, आणि घाटमाथ्याशीं गुहा. दोन हजार वर्षांपूर्वीं कोंकणांतील बंदरांचा माल याच खिंडींतून जुन्नरकडे जात असे. वरच्या दगडी रांजणांत जकातीचीं नाणीं पडत, असें सांगतात. गुहेंतील लेख सातवाहन राणी नागनिकेचा मानतात. लिपि ब्राह्मी, भाषा प्राकृत. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापणें यांची त्यांत मोजदाद आहे. (गणिताच्या तासाला जांभया देणाऱ्यांनीं ते अंक एकवार पाहावे.) मागच्या भिंतीवर राजकुळांतील व्यक्तींच्या मूर्ति होत्या. आज वर नांवें आहेत, खालीं कोठें कोठें पावलांच्या खुणा. मधला देह नाहीं. हें सर्व मीं पुस्तकांत वाचलें होतें व त्यावर गुणही मिळविले होते. परंतु घामानें भिजलेल्या सदऱ्यानें त्या गार गुहेंत बसून तीं पावलें पाहिलीं, तेव्हां मला प्रथम कळलें कीं हीं माणसें खरोखरच होऊन गेलीं. पुढें मी इतिहास शिकवूं लागलों, याचें मूळ तेथें आहे.

परतीची गाडी अर्थातच चुकली. घाटघरच्या एका घरीं ओसरीवर झोंपावयास जागा मिळाली. पिठलें-भाकरी वाढतां वाढतां तेथील आजीबाईंनीं तीन वेळां विचारलें, “पोरांनो, घरीं सांगून आलांत ना?” तशा पिठल्याची चव मला पुढें कोठेंही मिळाली नाहीं.

धोका नसतो असें मी म्हणत नाहीं. पावसाळ्यांत त्या पायऱ्यांवर शेवाळ माजतें; तेव्हां जाणत्या माणसाशिवाय जाणें हा मूर्खपणा होय. वाट आधीं विचारावी, पहांटे निघावें, घरीं सांगावें. परंतु मुलानें कधींच वाट चुकूं नये अशी ज्यांची इच्छा, त्यांच्या मुलास वाट शोधतां कशी यावी?

येथें मला एक कबुली दिली पाहिजे. गेल्या हिवाळ्यांत माझ्या मुलीनें दोघी मैत्रिणींसह त्याच घाटानें जाण्याची परवानगी मागितली, आणि मी, इतकीं वर्षें वर्गांत नाणेघाटाच्या गोष्टी रंगवून सांगणारा मी, नाहीं म्हणालों. कारणें भराभर सुचलीं. तिनें वाद घातला नाहीं. “माझ्या जागीं दादा असता तर, बाबा?” एवढेंच विचारून ती आंत गेली. त्या रात्रीं मला नीट झोंप आली नाहीं. सकाळीं मीं कपाटांतून माझी जुनी पिशवी काढून तिच्या हातीं दिली.

ती संध्याकाळीं सुखरूप परतली. तोंवर मी तीन वेळां एस. टी.च्या थांब्यावर जाऊन आलों होतों, हें तिला अजून ठाऊक नाहीं. गुहेविषयीं ती थोडेंच बोलली. खिंडींतल्या वाऱ्यानें तिची टोपी कोंकणांत नेऊन टाकली, हें मात्र येईल त्या प्रत्येकास सांगत असते.